तळावलीची इगर्ज आणि दोन पाद्री



स्मृतिव्याख्यानाला विषय असा घ्यावा की सभागृहात कुणाचीच चुळबुळ होऊ नये, असा एक अलिखित संकेत आहे. मी तो आज मोडणार आहे. गोव्यातल्या खेड्यांतल्या इगर्जी, म्हणजे चर्च, आणि त्या उभारणारे गोमंतकीय पाद्री, हा विषय पत्रिकेत वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. त्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि ते मी टाळणार नाही. पण आधी दावा मांडू द्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्याच्या खेड्यांत ज्या इगर्जी उठल्या, त्यांतल्या काही अगदी पहिल्या प्रतीच्या इमारती इथल्याच मातीतल्या पाद्रींनी योजल्या, इथल्याच जांभ्यात आणि चुन्यात बांधल्या, आणि परक्या सत्तेला जे बोलून सांगता येत नव्हतं ते बांधून सांगितलं. म्हणून त्या आपल्या वास्तुकलेच्या इतिहासात बसतात, पोर्तुगालच्या इतिहासाची तळटीप म्हणून नव्हे.

आपण दादरमध्ये बसलो आहोत. इथून गोखले रोडला जायचं झालं तर टॅक्सीवाल्याला आपण काय सांगतो? ‘पोर्तुगीज चर्च’. त्या जागी फ्रान्सिस्कन पाद्रींनी १५९६ साली चर्च स्थापलं हे खरं. पण आज तिथे जी वास्तू दिसते ती चार्ल्स कोरिया यांची, १९७०च्या दशकातली. तिच्यात पोर्तुगीज काय उरलंय? नाव. कोरिया गोमंतकीय वंशाचे, घडले भारतात आणि अमेरिकेत, इमारत काँक्रीटची, अंगण-ओसऱ्यांची, उघड्या आकाशाला जागा देणारी. तरी नाव पोर्तुगीजच. गिरगावात चर्नी रोडजवळचं सेंट तेरेसाचं चर्चही जुन्या लोकांच्या तोंडी पोर्तुगीज चर्चच. म्हणजे क्रूस दिसला की आपण बांधणाऱ्याचं नाव विचारायच्या आधीच मालकाचं नाव लिहून मोकळे होतो. गंमत अशी की इथून पाचेकशे किलोमीटरवर, तिसवाडीतल्या तळावली गावात, हीच चूक आपण सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या एका वास्तूबाबत करत आलो आहोत.

तळावलीची इगर्ज सांत आनाची, म्हणजे येशूच्या आजीची. पणजीहून फार लांब नाही. पिलारच्या बाजूला शेतं, माड आणि एक टेकाड यांच्या मधोमध ती उभी आहे. गावाच्या मानानं ती अवाढव्य आहे. दर्शनी भिंत पाच मजल्यांची, दोन्ही बाजूंना मनोरे, पांढऱ्याफेक चुन्यानं न्हालेली. मजल्यामागून मजला वर चढत जातो, प्रत्येकावर खिडक्यांची रांग, दोन खिडक्यांमध्ये भिंतीतून अर्धवट बाहेर आलेले खांब, वर कंगोरे, आणि माथ्याशी सुळके. आत शिरलं की डोक्यावर पेटीच्या झाकणासारखी गोल वळलेली कमान, क्रुसाच्या आकाराचा आराखडा, आणि कोनाड्यांच्या माथ्यावर शिंपल्याच्या आकाराची नक्षी. भिंती इतक्या जाड की त्यांच्या पोटातून माणूस चालत जाऊ शकतो असे बोळ आहेत. पापकबुली गुपचूप ऐकता यावी म्हणून ते ठेवले, अशी गावात समजूत आहे. कारण तेच असो वा बांधकामाचं वजन हलकं करण्याची युक्ती असो, भिंतीच्या जाडीचा असा उपयोग करणारा माणूस गवंडीकामाच्या कोपऱ्या-कोपऱ्याचा विचार करत होता एवढं नक्की. ऐन पावसाळ्यात इथे तवशांचं फेस्त भरतं. मूल व्हावं म्हणून जोडपी सांत आनाला तवसं, म्हणजे काकडी वाहतात. आपल्याकडच्या एखाद्या ग्रामदेवतेला ओटी भरणाऱ्या बाईला इथे काही परकं वाटेल असं मला वाटत नाही.

ही इगर्ज बांधायला १६८१ साली हात लागला. काम उभं केलं ते फ्रान्सिस्को द रेगो या गोमंतकीय पाद्रींनी. ते १६८९ साली वारले. पुढचं काम अंतोनियो फ्रान्सिस्को द कुन्हा या दुसऱ्या गोमंतकीय पाद्रींनी हाती घेतलं आणि १६९५ साली पुरं केलं. चौदा वर्षं, दोन पाद्री, एक खेडं. आता या नावांकडे पाहून ‘हे पोर्तुगीजच की’ असं कुणी म्हणेल. नाव बाप्तिस्म्याचं, माणूस नेवऱ्यासारख्या गावचा, ब्राह्मण घराण्यातला. गोव्यात त्या काळी नाव आणि वंश यांची अशी फारकत रोजची होती.

या रेगोंच्या मागे एक पूर्वपीठिका आहे, ती थोडी सविस्तर सांगायला हवी. तिच्यावाचून इगर्ज नुसती इमारत राहते. गोव्यात दोन तऱ्हांचे पाद्री होते. एक संघांचे: फ्रान्सिस्कन, जेझुइट, ऑगस्टिनियन, डॉमिनिकन. दुसरे संघाबाहेरचे, थेट आर्चबिशपच्या हाताखालचे. संघांची दारं एतद्देशीयांना जवळपास बंद होती. बाप्तिस्मा घ्या, लॅटिन शिका, पाद्री व्हा, पण आमच्या पंक्तीला बसू नका, असा तो कारभार. साष्टीतल्या इगर्जी जेझुइटांकडे, बारदेशातल्या फ्रान्सिस्कनांकडे. उरली तिसवाडी आणि आजूबाजूची बेटं. तिथे मात्र बऱ्याच गावांचे विगार, म्हणजे इगर्जीचे प्रमुख पाद्री, गोमंतकीय होते. आता नकाशा काढून पाहा: गोमंतकीय पाद्रींनी योजलेल्या या काळातल्या सर्वांत धीट इमारती कुठे आहेत? तिसवाडीत आणि दिवाडी बेटावर. हा योगायोग मानायला मी तयार नाही. जिथे त्यांच्या हाती गाव होतं, तिथेच त्यांनी बांधून दाखवलं.

या कोंडीला वाचा फोडणारे पहिले गृहस्थ दिवाडीचेच, मातेव्स द कास्त्रो. गोव्यात वाट मिळेना म्हणून ते रोमला गेले, तिथे पाद्री झाले, १६३७ साली बिशप झाले, आणि आदिलशाही मुलखासाठी पोपचे प्रतिनिधी म्हणून परतले. गोव्याच्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांशी त्यांचं जन्मभर भांडण चाललं. त्यांनी ब्राह्मण ख्रिस्ती बांधवांना उद्देशून एक खरमरीत पत्रक लिहिलं, आणि शेवटी ते रोममध्येच वारले. त्यांच्यानंतर पाचेक वर्षांतच, १६८२च्या सुमारास, जुन्या गोव्यात काही गोमंतकीय पाद्रींनी स्वतःचाच एक मंडळवजा संघ उभा केला. संघात घेत नाही ना? मग आमचा आम्ही काढतो. जुझे वाझ १६८५ साली या मंडळात आले, आणि पुढे सिलोनला गेले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं. या सगळ्या घडामोडींच्या ऐन मध्यात तळावलीच्या पायाचा दगड बसतो. तारखा जुळवून बघा.

आणि आता माझ्या शीर्षकातले दुसरे पाद्री. अंतोनियो जुआंव द फ्रियास. जन्म तळावलीचाच, १६६४चा. म्हणजे सांत आनाचं काम सुरू झालं तेव्हा हा मुलगा सतरा वर्षांचा. पुरं झालं तेव्हा एकतिसाचा. ज्या वयात माणूस गावातल्या कुठल्याही खोदकामाच्या कडेला तासन् तास उभा राहू शकतो, त्या वयात त्याच्या गावात गोव्यातली सर्वांत महत्त्वाकांक्षी इमारत उठत होती. पुढे फ्रियास पाद्री झाले, गोवा वेल्हाच्या सांत आंद्रे इगर्जीचे विगार झाले. दिवाडी बेटाच्या टेकडीवरची पिएदादची इगर्ज अठराव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात नव्यानं उभी राहिली, ती यांच्या आराखड्यावर. मांडवीच्या पात्रातून जाणाऱ्या प्रत्येक होडीला दिसेल अशी जागा. समोर जुनं गोवं, राजधानी, आर्चबिशपचं से कॅथेड्रल, संघांचे मठ. टेकडीवरून खाली राजधानीकडे बघणारी खेड्याची इगर्ज! जागा त्यांनी निवडलेली नव्हती, इगर्ज तिथे आधीपासून होती. पण तिथे काय आणि केवढं बांधायचं हे त्यांनी ठरवलं.

इथवर तुम्ही म्हणाल, पाद्रींनी इगर्ज बांधली यात विशेष काय? सुतारानं पाट केला. विशेष हे की रेगो आणि फ्रियास हे दोघेही लेखक होते, आणि दोघांच्या लिखाणाचा विषय एकच. आपल्या ‘ब्राह्मण राष्ट्रा’वर होणाऱ्या निंदेला उत्तर देणारा एक प्रबंध रेगोंच्या नावावर सांगितला जातो. फ्रियास यांचं ‘आवरेओला दुश इंदियुश’ हे पुस्तक तर १७०२ साली लिस्बनमध्ये छापलं गेलं. त्याचा मथितार्थ: आमचा वंश थोर आहे, येशूच्या जन्माला भेटायला गेलेल्या तीन राजांपैकी एक आमच्यातला होता, तेव्हा आम्हाला कनिष्ठ लेखू नका. त्यातली वंशावळ आज हसू आणणारी आहे. पण हेतू पाहा. एकाच गावाशी, एकाच इगर्जीशी जोडलेले दोन पाद्री, एका पिढीच्या अंतरानं, एका हातानं पुस्तक लिहितात आणि दुसऱ्या हातानं भिंत चढवतात, आणि दोन्हींत एकच गोष्ट म्हणतात. मग ती पाच मजल्यांची दर्शनी भिंत कुणाकडे तोंड करून उभी आहे? भाताच्या शेतांना पाच मजल्यांची गरज नव्हती. गावाला पाऊस न गळणारं छप्पर आणि घंटा पुरली असती.

(जाता जाता एक. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री साष्टीत येऊन १६१६ साली मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण छापतो, आणि शतकभरानं तळावलीचा गोमंतकीय पाद्री आपल्या पूर्वजांचं माहात्म्य पोर्तुगीज भाषेत लिस्बनला छापतो. ज्याला पटवायचं होतं, त्याच्या भाषेत प्रत्येक जण बोलला.)

पहिला आक्षेप घेऊ, तो सर्वांत सोपा: ही नक्कल आहे. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियनांचं जे प्रचंड चर्च १५९७ ते १६०२ या काळात बांधलं गेलं, त्याचीही दर्शनी भिंत पाच मजल्यांची होती. सांत आनाची भिंत सरळ तिथून आली आहे. मान्य. नक्कल आहे, आणि हेतुपुरस्सर आहे. ज्या संघानं आपल्याला आत घेतलं नाही, त्याच्याच चर्चचा चेहरा आपल्या खेड्यात उभा करायचा, यात दुबळेपणा वाचायचा की आव्हान? आपल्याकडे पेशव्यांच्या सरदारांनी उत्तरेकडचे बंगले आणि कमानी पाहून वाडे सजवले, त्याला आपण नक्कल म्हणत नाही, ऐपत म्हणतो. शिवाय नक्कल करताना हातात माल कोणता आहे यावर बरंच ठरतं. राजधानीतल्या मोठ्या चर्चना नक्षीसाठी वसईचा काळा दगड जहाजानं आणता येत असे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भिंतीवरची कोरीव कामं त्या वसईच्या दगडाची आहेत. खेड्याला वसई परवडणारी नव्हती. खेड्याकडे जांभा होता.

जांभ्याबद्दल थोडं थांबतो, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण सभागृहात घाटावरचेही असतील. जांभा खाणीतून निघताना इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं त्याचे चिरे तासता येतात. वाऱ्यावर पडला की घट्ट होतो. त्याच्या अंगभर भोकं असतात. त्यामुळे त्याच्यात नाकडोळे, पानंफुलं कोरता येत नाहीत, कड धरतच नाही. कोकणातला मुसळधार पाऊस उघड्या जांभ्यात मुरतो आणि चिरा पोखरतो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा हवाच, आणि तो चुना इथे शिंपल्यांचा, भट्टीत भाजून केलेला. आता काय झालं बघा. नक्षी दगडात होत नाही, तेव्हा ती चुन्यात करायची. खांब कोरायचे नाहीत, ओल्या गिलाव्यातून साच्याच्या फळीनं ओढून काढायचे. शिंपल्याचा आकार, कंगोरा, कोनाड्याचा माथा, सगळं थापीनं आणि बोटांनी. सावली कमी खोल, कडा मऊ, आणि वरून दरसाल पांढरा हात. गोव्याच्या खेड्यातल्या इगर्जीचा तो ओळखीचा पांढरा, जरा फुगीर, लोण्यासारखा चेहरा या सक्तीतून आला. लिस्बनमध्ये असा चेहरा नाही, कारण लिस्बनला चुनखडीचा दगड होता. ही शैली पोर्तुगालहून जहाजात घालून आणता आली नसती.

आणि ती इगर्जीत राहिलीही नाही. या सभागृहात अनेकांचं कुलदैवत फोंडा महालातलं असणार. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा नदीपलीकडे गेले ते पोर्तुगीज अंमल टाळण्यासाठी. आज जी देवळं आपण पाहतो ती बहुतांशी अठराव्या शतकातली. कवळ्याचं देऊळ शाहू महाराजांच्या काळात, १७३८च्या सुमारास पुरं झालं. आता कवळ्याच्या देवळासमोर उभे राहून डोळे उघडे ठेवा. गाभाऱ्यावर शिखर आहे का? नाही. अष्टकोनी मजला आहे, त्याला खिडक्या आहेत, आणि वर घुमट. भिंतीवर अर्धे बाहेर आलेले खांब, गोल कमानीच्या खिडक्या, कंगोरे, आणि पांढरा चुना. दीपमाळ पाहा. जेजुरीची किंवा आपल्या देशावरची दीपमाळ म्हणजे भरीव दगडी खांब, बाहेर हात काढलेला. मंगेशीची दीपमाळ सात मजली, प्रत्येक मजल्याला कमानी, आतून पोकळ वाटावी अशी. मजल्यावर मजला चढवण्याची ही रीत तिनं कुठून घेतली? नदीच्या अलीकडच्या काठावर मनोरे चढवणारे हात आणि पलीकडच्या काठावर दीपमाळ चढवणारे हात यांच्यात फार अंतर नव्हतं. ज्या सत्तेपासून देव पळाले, तिच्या मुलखात वाढलेली वास्तुरीती देवांनी आपल्या घरी घेतली. ती रीती परकी वाटली असती तर महाजनांनी घेतली असती? महाजन काही अडाणी नव्हते. (इथे काही अभ्यासक उलट टोकाला जातात आणि पाच मजल्यांची इगर्ज म्हणजे दक्षिणेतलं गोपुरच असं सांगतात. मला ते पटत नाही. कोकणात गोपुरांची परंपराच नाही. गोमंतकीयाला मजले चढवायला तमिळ देशात जायची गरज नव्हती.)

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. पाद्रींनी खरंच आराखडा काढला, की पाद्रींनी हिशेब ठेवला आणि गवंड्यानं इमारत केली? इगर्जीच्या वहीत पाद्रींचं नाव येतं, कारण वही पाद्री लिहितो. चिरेकाढ्याचं, गवंड्याचं, सुतार-मिस्त्रीचं नाव तिथे येत नाही. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. त्या काळी आजच्या अर्थानं वास्तुकार असं वेगळं काम नव्हतंच; ज्याला भूमितीची आणि पुस्तकांतल्या चित्रांची ओळख होती त्यानं प्रमाणं ठरवायची, आणि ज्याच्या हातात ओळंबा होता त्यानं ती उभी करायची. रेगो आणि फ्रियास यांनी लॅटिन वाचलं होतं, छापील चित्रं पाहिली होती, आणि तळावलीचं काम चौदा वर्षं चालूनही, मध्ये माणूस बदलूनही, इगर्जीचा घाट एकसंध राहिला. त्यामागे कुणाचा तरी नेमका आराखडा होता हे उघड आहे. पण हातांचं श्रेय मी त्यांना देणार नाही. ते हात बरेचदा हिंदू कारागिरांचे होते. याचा पुरावा विरोधकांनीच ठेवला आहे: ख्रिस्ती पवित्र वस्तू आणि मूर्ती हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत, असे हुकूम गोव्याच्या धर्मसत्तेनं पुन्हा पुन्हा काढले. हुकूम पुन्हा पुन्हा का काढावे लागतात? कारण ते पाळले जात नाहीत. तेव्हा या इगर्जी ‘पाद्रींच्या’ म्हणताना मी योजनेपुरतं म्हणतो आहे.

तिसरा आक्षेप. तो मनात घेऊनच काही मंडळी इथे आली असतील, आणि तो यायलाच हवा. १५४० साली तिसवाडीतली देवळं पाडली गेली. १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आलं आणि मधली काही वर्षं वगळता १८१२पर्यंत राहिलं. देवळांच्या जमिनींचं उत्पन्न इगर्जीकडे वळवलं गेलं. दिवाडीच्या टेकडीवर पिएदादच्या स्मशानातल्या छोट्या चॅपेलमध्ये कदंबकालीन देवळाचे कोरीव अवशेष आजही आहेत. दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथे त्याचं देऊळ बांधवलं. हे सगळं खरं आहे, आणि मी जे कौतुक करतो आहे त्याच्या पायाखाली हे आहे. मग कौतुक करायचंच कशाला? एकतर, देऊळ पाडणाऱ्या पिढीत आणि इगर्ज योजणाऱ्या या पाद्रींत सव्वाशे-दीडशे वर्षांचं अंतर आहे. त्यांच्या पणज्यांनी ज्या धर्मात प्रवेश केला तो त्यांच्यापुरता वडिलोपार्जित झाला होता. दुसरं, या पाद्रींवर त्याच सत्तेचा जाच चालू होता; जाच सोसणारा माणूस जाचाच्याच इमारतीत वाढलेला असतो. आणि तिसरं, जे पाडलं गेलं त्याचा राग करण्यासाठी जे बांधलं गेलं त्याच्याकडे पाठ फिरवायची, तर आपल्याकडे दोन्हीकडून काहीच उरणार नाही. राग आणि परीक्षण एकाच माणसाला जमू शकतं. इतिहासाच्या अभ्यासकाला तर जमायलाच हवं.

मात्र एका बाबतीत मी या पाद्रींची वकिली करणार नाही. त्यांची मागणी सर्व एतद्देशीयांसाठी नव्हती. ‘ब्राह्मण राष्ट्र’ म्हणताना त्यांना ब्राह्मणच म्हणायचं होतं. फ्रियास यांच्या पुस्तकाला १७१३ साली लियोनार्दो पाइश या चारोडी, म्हणजे क्षत्रिय म्हणवणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या पाद्रींनी लिस्बनमध्येच पुस्तक छापून उत्तर दिलं: थोर असलोच तर आम्ही. म्हणजे पोर्तुगीजांनी दोघांनाही खालच्या पायरीवर बसवलं, आणि हे त्या पायरीवर कोण वर बसणार यावर भांडले. परळ-लालबागला जातपंचायतींचे वाद पाहिलेल्यांना हा प्रकार नवा नसावा. तळावलीची भिंत समतेची घोषणा करते असं म्हणणं म्हणजे भाबडेपणा होईल. ती प्रतिष्ठेची मागणी करते, एका गटासाठी. तेवढीच करते, आणि तेवढ्यात भव्य आहे.

आता माझ्या दाव्याचा शेवटचा पुरावा, आणि तो तळावलीच्या भिंतीपेक्षाही बोलका आहे. १८३५ साली पोर्तुगालनं गोव्यातले सारे धार्मिक संघ बरखास्त केले. संघ गेले, मठ ओस पडले. ऑगस्टिनियनांच्या त्या भव्य चर्चची कमान १८४२ साली कोसळली. १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. आज जुन्या गोव्यात प्रवासी जो सुमारे ४६ मीटरचा एकटा मनोरा पाहतात तो त्या चर्चचा उरलेला तुकडा. आणि त्याची नक्कल? ती तळावलीत उभी आहे, तिच्यात प्रार्थना होते, तवसं वाहिली जातात. मूळ गेलं आणि प्रत राहिली. का? कुणी म्हणेल, गोमंतकीय पाद्रींनी बांधली म्हणून. तसं असतं तर मला फार सोयीचं झालं असतं, पण तसं नाही. ज्या मंडळाची गोष्ट मी मघाशी सांगितली, त्या गोमंतकीय पाद्रींच्या संघाचं जुन्या गोव्यातलं मिलाग्रीश चर्चही मोडकळीस गेलं, कारण त्यांचा संघही १८३५च्या वरवंट्याखाली आला. फरक वंशाचा नाही. सांत आनाच्या मागे गाव होतं. गोव्यातल्या गावांची जमीन सामाईक गावकरीची. तिच्या उत्पन्नातून आणि गावातल्या धर्ममंडळांच्या वर्गणीतून इगर्जीचा चुना, कौलं, मेणबत्त्या भागत. संघ हुकमानं बरखास्त करता येतो, गाव येत नाही. से कॅथेड्रल आणि बॉम जेझू टिकली ती आर्चबिशप आणि सेंट झेवियरच्या शवामुळे; खेड्यातली इगर्ज टिकली ती दरसाल पावसाळ्याआधी कुणीतरी शिडी लावून भिंतीला हात फिरवल्यामुळे.

मुंबईशी या गोष्टीचा संबंध याच ठिकाणी येतो. धोबी तलाव, काळबादेवी, गिरगावच्या बाजूला गोमंतकीयांच्या कुडी होत्या आणि काही अजून आहेत. जहाजावर, हॉटेलात, घरकामाला आलेल्या गावकऱ्यांनी भाड्याच्या खोल्या घेऊन गावाच्या नावानं चालवलेल्या वसत्या. कुडीत गावच्या संताची वेदी असे, आणि गावच्या फेस्ताची वर्गणी इथून जात असे. खोताच्या वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर तळकोकणातल्या आणि गोव्यातल्या हिंदू देवस्थानांचे कुळावीही राहत, आणि त्यांचीही मनीऑर्डर कवळ्याला, मंगेशीला जात असे. चुना गोव्यात, पैसा गिरगावातून. अठराव्या शतकातल्या गावकरीचं काम विसाव्या शतकात मुंबईच्या चाळीनं केलं, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता तो पैसा कुठे जातो, यावर माझा या सभागृहाशी थोडा वाद आहे. १९५०च्या दशकात पोर्तुगालहून आलेल्या बाल्ताझार कास्त्रो या वास्तुतज्ज्ञानं बॉम जेझूचा बाहेरचा गिलावा काढून टाकला, जांभा उघडा केला. लाल दगड जुना आणि भारदस्त दिसतो, असा समज. आज त्या उघड्या जांभ्यात पाऊस मुरतो आहे, आणि गिलावा परत करावा की नको यावर भांडण चालू आहे. इतकी वर्षं लाल पाहिल्यामुळे लोकांना पांढरं चर्च खोटं वाटतं. दुसऱ्या टोकाला सिमेंट. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, चिरा आतून भुसभुशीत होतो, आणि गिलाव्याचे पापुद्रे दगड घेऊन सुटतात. चुना श्वास घेऊ देतो, म्हणून दरसाल करावा लागतो. सिमेंट एकदाच करायचं म्हणून स्वस्त वाटतं. खेड्यांतल्या इगर्जींत हे घडतं आहे, आणि देवळांत तर त्याहून जोरात. जुनं लाकडी सभामंडपाचं देऊळ पाडून आरसीसीचं उभं करायचं, संगमरवर बसवायचा, आणि देणगीदारांच्या नावांची पाटी लावायची. त्या पाट्यांवर दादर, गिरगाव, विलेपार्ल्याचे पत्ते असतात. आपल्यापैकी काहींची नावंही असतील. शिंपल्यांचा चुना मळणारे, त्याला भिजत ठेवून मुरवणारे, थापीनं कंगोरा ओढणारे गवंडी अजून पूर्ण संपलेले नाहीत, पण त्यांना काम हवं असतं. काम मिळालं नाही की त्यांची मुलं टाइल्स बसवायला जातात. पावती फाडणाऱ्या समितीला ‘गिलावा कशाचा करणार आहात?’ एवढं कुणी विचारलं, तर समितीला उत्तर शोधावं लागतं, आणि कधी कधी एखादा गवंडीही शोधावा लागतो.